एका डावखुऱ्याच्या गिटारी

ध्वनीचा पाठ शिकवताना ताणलेल्या तारेचे तीन नियम आपण फळ्यावर लिहितो. तार लांब केली की स्वर खाली उतरतो. ताण वाढवला की वर चढतो. तार जड घेतली की पुन्हा खाली येतो. फ्रान्समधील मारँ मेर्सेन याने सतराव्या शतकात हे नियम आकड्यांत बांधले. सोनोमीटर असलेली शाळा ते प्रयोगाने दाखवते. नसलेली शाळा फळी, दोन खिळे आणि तार यांवर भागवते. मुले नियम पाठ करतात आणि उदाहरणेही सोडवतात. पण वाद्य बनवणाऱ्या माणसाला हेच नियम किती अडचणीत टाकतात आणि त्या अडचणीतून वाट काढताना वाद्यांना कसकसे आकार मिळत गेले, हे क्वचितच वर्गात येते. तो इतिहास आम्ही येथे एका वादकाच्या खाजगी संग्रहावरून सांगणार आहोत.

हा वादक म्हणजे बीटल्स या ब्रिटिश वाद्यवृंदातील पॉल मॅकार्टनी. जन्म १९४२, लिव्हरपूल. त्याच्यापेक्षा मोठे आणि महागडे संग्रह इतर वादकांकडे होते व आहेत. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमूरने २०१९ साली न्यूयॉर्कमध्ये आपल्या १२६ गिटारींचा लिलाव केला. त्यातून सुमारे दोन कोटी पंधरा लाख डॉलर आले आणि ते त्याने पर्यावरणासाठी न्यायालयीन लढे देणाऱ्या एका संस्थेला देऊन टाकले. मॅकार्टनीचा संग्रह त्या अर्थाने संग्रह नव्हेच. वाजवण्यासाठी घेतलेली वाद्ये त्याने जपून ठेवली, एवढेच. परंतु त्यामुळेच त्यात एक सलगता आहे. पंधरा वर्षांच्या मुलाने मिळवलेल्या पहिल्या गिटारीपासूनची वाद्ये त्याच्याकडे राहिली. एकच महत्त्वाचे वाद्य मध्ये पन्नास वर्षे बेपत्ता होते. त्याची हकिगत पुढे येईल. आणखीही एक कारण आहे. त्याची पहिली गिटार आणि पहिली बेस गिटार वेगवेगळ्या कंपन्यांच्या, वेगवेगळ्या शहरांत घेतलेल्या. तरी दोन्हींचे मूळ शोधत गेल्यास आपण एकाच गावाशी येऊन पोहोचतो, आणि ते गाव महायुद्धानंतर मुळापासून उखडले गेले होते.

पहिली गिटार

चौदाव्या वाढदिवसाला वडिलांनी मॅकार्टनीला ट्रम्पेट दिला होता. पण तोंडात ट्रम्पेट असताना गाता येत नाही! म्हणून १९५७ साली तो ट्रम्पेट दुकानात देऊन त्याने पंधरा पौंड किमतीची एक अकूस्टिक गिटार घेतली. तिचे नाव झेनिथ, मॉडेल १७, आणि बनवणारी कंपनी जर्मनीतील फ्रामुस.

गिटार घरी आणल्यावर ती काही केल्या हाती बसेना, कारण मुलगा डावखुरा होता. पुढे स्लिम व्हिटमन या डावखुऱ्या गायकाचे चित्र त्याच्या पाहण्यात आले आणि उलगडा झाला. गिटार उलटी धरायची आणि तारांचा क्रमही उलटा लावायचा. हे बोलायला सोपे आहे. गिटारीच्या दांडीच्या टोकाला, खुंट्यांच्या अलीकडे, खाचा पाडलेली एक पट्टी असते. जाड तारेची खाच रुंद, बारीक तारेची अरुंद. क्रम उलटला की बारीक तार रुंद खाचेत खोल जाऊन बसते आणि पडद्यांवर खडखडते. मॅकार्टनीने सांगितलेला उपाय आम्हांला फार आवडतो. काडेपेटीतील काडीचा तुकडा तासून त्या खाचेत बसवायचा आणि त्यावर तार टेकवायची.

दुसरी अडचण घोडीपाशी येते. आपल्या सतारीसारखीच गिटारीलाही तारा टेकण्यासाठी घोडी असते. ती तारांशी बरोबर काटकोनात नसते. जाड तारांच्या बाजूला थोडी मागे सरकलेली असते. असे का? तार पडद्यावर दाबली की ती किंचित ताणली जाते आणि स्वर हिशेबापेक्षा जरा चढा लागतो. जाड, ताठ तारांमध्ये ही चूक जास्त. म्हणून त्या तारांना मिलिमीटर-दोन मिलिमीटर जास्त लांबी देऊन चूक भरून काढतात. मेर्सेनचे नियम आदर्श, लवचिक तारेचे आहेत. खऱ्या तारेला ताठरपणा असतो. तो फरक घोडीच्या तिरकेपणात डोळ्यांना दिसतो. गिटार उलटी लावली की हा तिरकेपणा नेमका चुकीच्या बाजूला पडतो. झेनिथ ही व्हायोलिनच्या घराण्यातली, फुगीर पाठपोटाची गिटार. तिची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानेच जागेवर राहते, त्यामुळे सरकवता येते. सपाट तबलीच्या गिटारीत घोडी पक्की चिकटवलेली असते. तिथे डावखुऱ्यासाठी कारागिराला बोलवावे लागते.

शोनबाख

जर्मन कंपनीची ही गिटार लिव्हरपूलच्या दुकानात का होती? दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला डॉलरची चणचण होती. अमेरिकेतून येणाऱ्या वाद्यांच्या आयातीवर १९५० च्या दशकात निर्बंध होते. ते १९५९ मध्ये उठले. तोपर्यंत ब्रिटिश मुलांनी अमेरिकन गिटारी पाहिल्या त्या बहुधा चित्रांतच. हाती आल्या त्या युरोपातल्या.

आणि युरोपातल्या स्वस्त, तरी नीट बनवलेल्या गिटारींपैकी कितीतरी एका जागेहून येत होत्या. बोहेमियाच्या पश्चिम टोकाला, सॅक्सनीच्या सीमेला लागून शोनबाख नावाचे जर्मनभाषक गाव होते. आज ते चेक प्रजासत्ताकात आहे आणि त्याचे नाव लुबी. व्हायोलिन बनवणे हा या गावाचा पिढीजात धंदा. १८७३ पासून तिथे त्याची शाळाही होती. काम घरोघर वाटलेले असे. एका घरी दांड्या कोरायच्या, दुसऱ्या घरी पाठी, तिसऱ्या घरी खुंट्या. व्यापारी सारे गोळा करून पूर्ण वाद्ये बाहेर पाठवत. आपल्याकडच्या हातमागाच्या गावांची ज्यांना माहिती आहे त्यांना ही घडी परकी वाटणार नाही. कार्ल हॉफ्नर या कारागिराने १८८७ साली इथेच आपली पेढी काढली.

१९३८ मध्ये हा प्रदेश हिटलरच्या जर्मनीने गिळला. १९४५ मध्ये जर्मनी हरला आणि चेकोस्लोव्हाकियाने आपल्या देशातील जर्मनभाषकांना हद्दपार केले. सुमारे तीस लाख माणसे मोजक्या सामानानिशी निघाली. त्यांत शोनबाखचे कारागीरही होते. काहींना नव्या सरकारने धंदा चालू राहावा म्हणून ठेवून घेतले. बाकीच्यांना जावे लागले. वाद्याच्या कारागिराचे भांडवल म्हणजे साचे, हत्यारे आणि वर्षानुवर्षे सावलीत वाळवलेले लाकूड. यांतले फारच थोडे पाठीवर बांधून नेता येते.

फ्रेड विल्फर हा त्या भागातला एक उद्योजक. तो स्वतः कारागीर नव्हता, पण विखुरलेल्या कारागिरांना पुन्हा एकत्र वसवता आले तरच हा धंदा जगेल हे त्याने ओळखले. व्हायोलिन एकटा माणूस बनवू शकतो. पण शोनबाखचा स्वस्त व्हायोलिन एकटा बनवू शकत नाही, त्याला गाव लागते. विल्फरने १९४६ साली बव्हेरियातील एर्लांगेन परिसरात फ्रामुस कंपनी काढली. हॉफ्नर कुटुंबही याच परिसरात आले. जवळच्या बुबेनरॉइट या लहानशा खेड्याने १९४९ मध्ये या निर्वासित कारागिरांना सामावून घेण्याचे ठरवले. येणाऱ्यांची संख्या गावाच्या लोकसंख्येच्या कित्येक पट होती. कोणत्याही गावाला हा निर्णय सोपा गेला नसता. पुढच्या काही वर्षांत तिथे कारखाने उभे राहिले आणि शोनबाखची घडी नव्या जागी पुन्हा बसली.

फक्त आता व्हायोलिनपेक्षा गिटारींना मागणी होती. हातांना सवय व्हायोलिनची होती, म्हणून गिटारीही व्हायोलिनसारख्या झाल्या. वरची पाटी स्प्रूसची आणि फुगीर, पाठ मेपलची, घोडी सरकती. मॅकार्टनीची झेनिथ अशीच.

खर्जाचा प्रश्न

मॅकार्टनी आरंभी बेसवादक नव्हता. बीटल्सचा पहिला बेसवादक स्टुअर्ट सटक्लिफ याने १९६१ मध्ये हॅम्बुर्ग येथे वाद्यवृंद सोडला आणि हे काम मॅकार्टनीच्या वाट्याला आले. हे वाद्य तेव्हा कुठे होते ते समजण्यासाठी थोडे मागे जाऊ.

गिटारीच्या सर्वांत जाड तारेची वारंवारता सुमारे ८२ हर्ट्झ असते. बेसच्या सर्वांत जाड तारेची त्याच्या निम्मी, ४१ हर्ट्झ. लांबी आणि ताण तेच ठेवून वारंवारता निम्मी करायची तर तार चौपट जड हवी. तार जड झाली की ताठ होते, आणि ताठ तारेचा स्वर बिघडतो. म्हणून लांबी वाढवणे हा पहिला उपाय. डबल बेस या उभ्याने वाजवायच्या वाद्याची तार एक मीटरहून लांब असते ती यामुळे.

परंतु तार हलवून भागत नाही, हवा हलवावी लागते. ४१ हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी काढून पाहा. हवेतील वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर उत्तर येते सुमारे ८.४ मीटर, एखाद्या वर्गखोलीची लांबी. एवढ्या लांब तरंगापुढे हातभर रुंदीची पेटी म्हणजे काहीच नव्हे. डबल बेसची माणसाएवढी पेटीसुद्धा सर्वांत खालच्या स्वराचा मूळ घटक क्षीणच फेकते. आपण ऐकतो ते मुख्यतः त्याचे उपस्वर, आणि त्यांच्यावरून मूळ स्वर मेंदू स्वतःच भरून काढतो.

मॅकार्टनीच्या संग्रहात असा एक डबल बेस आहे. तो पूर्वी एल्व्हिस प्रेस्लीचा साथीदार बिल ब्लॅक याचा होता. त्याची पत्नी लिंडा हिने १९७० च्या दशकात तो त्याला भेट दिला. १९५६ च्या ‘हार्टब्रेक हॉटेल’च्या काळातली ही साथ. पाहायला भव्य, पण मोटारीच्या टपावर बांधून गावोगाव नेताना वादकांचे जे हाल होत त्यांची कल्पना करता येते. शिवाय ढोल आणि विजेच्या गिटारी यांच्या गदारोळात तो ऐकू येत नसे.

वीज वापरणे हा यावर उपाय होता. मायकेल फॅरडेचा १८३१ चा शोध आपण दहावीला शिकवतो. कुंडलाजवळचे चुंबकीय क्षेत्र बदलले की कुंडलात विद्युतधारा निर्माण होते. पोलादी तार चुंबकाजवळ थरथरली तर तेच घडते. या तत्त्वावर चालणारी पहिली यशस्वी गिटार अमेरिकेत १९३० च्या दशकाच्या आरंभी जॉर्ज बोशाँप आणि अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी आणली. मध्ये शंभर वर्षे गेली. कारण कुंडलातला क्षीण प्रवाह मोठा करणारा निर्वात-नळीचा प्रवर्धक त्यासाठी यावा लागला. पेटीने हवा हलवण्याचे काम लाउडस्पीकरकडे गेले तेव्हा वाद्याचा आकार मोकळा झाला. त्याच दशकात सिअ‍ॅटलच्या पॉल टुटमार्कने आडवी धरायची, पडद्यांची विजेची बेस बनवली, पण ती फारशी खपली नाही. १९५१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या लिओ फेंडरने प्रिसिजन बेस बाजारात आणली. पडदे असल्यामुळे स्वर अचूक लागतो, म्हणून ते नाव. तिच्या तारेची लांबी ८६ सेंटिमीटर. भरीव लाकडाची फळी, पेटी नाहीच.

बुबेनरॉइटमध्ये वॉल्टर हॉफ्नरने १९५५ साली याच प्रश्नाला वेगळे उत्तर दिले. त्याच्या कारखान्यात व्हायोलिनच्या हातांची माणसे होती. त्याने एका मोठ्या व्हायोलिनच्या आकाराची, आतून पोकळ, वजनाला अगदी हलकी बेस बनवली. अमेरिकेच्या गिब्सन कंपनीने १९५३ मध्ये व्हायोलिनच्या आकाराची बेस काढली होती हे खरे, पण ती भरीव लाकडाची होती. हॉफ्नरची खरोखरच व्हायोलिनसारखी बांधलेली होती. तारेची लांबी फक्त ७६ सेंटिमीटर, कारण पूर्वी डबल बेस वाजवणाऱ्यापेक्षा गिटार वाजवणारा मुलगा तिचा गिऱ्हाईक होणार होता.

लांबी कमी केल्याची किंमत कुठे मोजावी लागते? तीच तार, तोच स्वर, पण लांबी ८६ ऐवजी ७६ सेंटिमीटर. वारंवारता लांबीच्या व्यस्त प्रमाणात आणि ताणाच्या वर्गमुळाच्या सम प्रमाणात असते. हिशेब करा: ताण सुमारे ७८ टक्क्यांवर येतो. तार सैल, बोटांना सोपी, पण वरचे उपस्वर लवकर विरतात. स्वर गोल, बुटका, चटकन मिटणारा निघतो. तज्ज्ञ याला उणीव म्हणत. मॅकार्टनीच्या वादनातील गेयता या उणिवेवर उभी आहे असे आमचे मत आहे. स्वर लवकर मिटतो म्हणून पुढच्या स्वराला जागा मिळते.

हॅम्बुर्गच्या एका दुकानात १९६१ साली त्याने ही बेस सुमारे तीस पौंडांना घेतली. फेंडर शंभराच्या घरात होती आणि ती परवडणारी नव्हती. दुसरेही कारण त्याने सांगितले आहे. व्हायोलिनचा आकार दोन्ही बाजूंनी सारखा असतो, त्यामुळे डावखुऱ्याने धरली तरी ती उलटी धरल्यासारखी विचित्र दिसत नाही. म्हणजे झेनिथपाशी सुरू झालेली डावखुरेपणाची अडचण इथे सममितीने सोडवली! आणि अजाणता तो त्याच शोनबाखच्या माणसांकडे परत गेला होता.

तारेखालची जागा

१९६३ मध्ये त्याला दुसरी हॉफ्नर बेस मिळाली. दोन्हींत एक फरक आहे आणि तो वर्गात सांगण्याजोगा आहे. पहिलीवर दोन्ही पिकअप, म्हणजे चुंबक-कुंडले, दांडीच्या बाजूला जवळजवळ बसवलेली होती. दुसरीवर एक दांडीपाशी आणि एक घोडीजवळ.

याने काय होते? तार तिच्या सर्व उपस्वरांत एकाच वेळी थरथरत असते. पिकअपला फक्त आपल्या डोक्यावरचा तुकडा दिसतो. समजा पिकअप घोडीपासून लांबीच्या चौथ्या भागावर आहे. तिथे मूळ स्वराची हालचाल तारेच्या मध्यावरील हालचालीच्या ७१ टक्के असते, आणि चौथ्या उपस्वराची शून्य, कारण तो त्याचा निस्पंद बिंदू आहे. आता पिकअप बाराव्या भागावर न्या. मूळ स्वर २६ टक्क्यांवर येतो, चौथा उपस्वर ८७ टक्क्यांवर जातो. तार तीच, बोट तेच, पण एकीकडे घुमारा आणि दुसरीकडे धार. अकरावीच्या मुलांना ज्या वक्राचे गणित रुक्ष वाटते त्या साइन वक्रावरून हे आकडे थेट निघतात. सतारीवर बोट घोडीच्या जवळ आणि दूर मारून याचीच उलट बाजू ऐकता येते.

ऑगस्ट १९६५ मध्ये रिकनबॅकर कंपनीने त्याला डावखुरी ४००१ एस ही बेस भेट दिली. ही भरीव मेपलची, ८४ सेंटिमीटर तारेची. दांडीचे लाकूड तसेच शेवटपर्यंत जाते, त्यामुळे स्वर लांबतो. हिच्यावर १९६७ मध्ये रंगीबेरंगी नक्षी काढली गेली आणि पुढे सगळा रंग खरवडून लाकूड उघडे केले गेले.

पण नवी बेस आली तरी ती तबकडीवर ऐकू येईल याची खात्री नव्हती. तबकडीच्या खाचेत ध्वनी नागमोडी रेषेने कोरलेला असतो. सुईचा वेग सारखाच ठेवायचा तर ४१ हर्ट्झच्या स्वरासाठी ती ४१० हर्ट्झच्या दहापट दूर झुलावी लागते. कोरताना खर्ज दाबून आणि वाजवताना उचलून यावर तोड काढली होती, तरी जोरदार खर्जाने सुई खाचेतून उडेल अशी भीती ध्वनिमुद्रण कंपन्यांना असे. एप्रिल १९६६ मध्ये ‘पेपरबॅक रायटर’च्या वेळी वीस वर्षांचा अभियंता जेफ एमरिक याने एक युक्ती केली. बेसच्या लाउडस्पीकरसमोर त्याने मायक्रोफोन न ठेवता दुसरा लाउडस्पीकरच ठेवला. मोठा पडदा, चुंबक, कुंडल. उलटा जोडला की तो खर्ज पकडणारा मायक्रोफोन झाला. जुन्या ट्रान्झिस्टरचा स्पीकर प्रवर्धकाच्या मायक्रोफोनच्या जागी जोडून हा प्रयोग शाळेत दहा मिनिटांत होतो. मोटर आणि जनित्र एकाच यंत्राची दोन रूपे आहेत हे त्यापेक्षा सोप्या रीतीने कसे दाखवावे, आम्हांला ठाऊक नाही.

दोन अकूस्टिक

संग्रहातील अकूस्टिक गिटारींपैकी दोन महत्त्वाच्या. एक १९६४ ची एपिफोन टेक्सन. मूळ उजव्या हाताची, तारा उलट्या लावलेली. १४ जून १९६५ ला ‘येस्टरडे’ हिच्यावर मुद्रित झाले. त्याने सहाही तारा एक पूर्ण स्वर उतरवल्या होत्या. बोटे जी स्वराच्या ठेवणीत, ऐकू येतो एफ. एक पूर्ण स्वर म्हणजे वारंवारता ०.८९ पट, आणि ताण त्याच्या वर्गाइतका, ०.७९ पट. तबलीवरचे ओझे पाचव्या हिश्शाने हलके झाले. त्या गाण्यातल्या गिटारीचा मऊपणा काहीसा यातून येतो.

दुसरी मार्टिन कंपनीची डी-२८. ‘ब्लॅकबर्ड’ हे १९६८ चे गाणे हिच्यावरचे. त्या वर्षाच्या आरंभी बीटल्स महर्षी महेश योगींच्या ऋषिकेशच्या आश्रमात राहिले. तिथे गाणी रचली गेली ती अकूस्टिक गिटारींवर. भारताशी या गिटारीचा आणखी एक, कमी माहीत असलेला संबंध आहे. डी-२८ ची पाठ पूर्वी ब्राझीलच्या रोजवुडची असे. ते लाकूड मिळेनासे झाले आणि १९६९ च्या सुमारास कंपनी भारतीय रोजवुडकडे वळली. भारतीय रोजवुड म्हणजे आपल्या सह्याद्रीतली शिसव. ब्राझीलच्या झाडाला १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीचे संरक्षण मिळाले. शिसवीच्या व्यापारावरही २०१७ पासून नियंत्रण आहे, तयार वाद्यांना २०१९ मध्ये त्यातून सवलत मिळाली. आजोबांच्या दिवाणखान्यातली शिसवी खुर्ची आणि परदेशी गिटारीची पाठ एकाच जातीच्या झाडाची असू शकतात, हे मुलांना सांगावे.

हरवलेली बेस

१९६१ ची हॉफ्नर १० ऑक्टोबर १९७२ च्या रात्री लंडनच्या नॉटिंग हिल भागात उभ्या असलेल्या एका व्हॅनमधून चोरीला गेली. ‘लव्ह मी डू’ आणि ‘शी लव्हज यू’ या गाण्यांमध्ये वाजलेली ती हीच. नंतर पन्नास वर्षे तिचा पत्ता नव्हता.

२०१८ पासून हॉफ्नर वाद्यांच्या एका जाणकाराने शोध सुरू केला आणि २०२३ मध्ये दोन पत्रकारांसह लोकांना जाहीर आवाहन केले. कोणाला शिक्षा करायची नाही, वाद्य तेवढे शोधायचे आहे, असा त्याचा सूर होता. उत्तरांतून धागे जुळत गेले. चोरीनंतर बेस त्याच परिसरातल्या एका दारूच्या गुत्त्याच्या मालकाकडे गेली होती आणि त्याच्या कुटुंबात राहिली. अखेर ती इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या एका घराच्या माळ्यावर मिळाली, मूळ पेटीसकट.

पण हॉफ्नरने अशा बेस पुष्कळ बनवल्या होत्या. ही तीच कशावरून? डावखुरी, दोन्ही पिकअप दांडीच्या बाजूला जवळजवळ, अशी रचना त्या काळच्या थोड्याच वाद्यांत होती. १९६३ च्या बेसशी तिची गल्लत होणे शक्य नव्हते. त्यावर जुन्या छायाचित्रांत दिसणाऱ्या तपशिलांशी एकेक खूण ताडून पाहण्यात आली. डिसेंबर २०२३ मध्ये ती मॅकार्टनीच्या हाती परत आली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये हे जाहीर झाले. दुरुस्ती आवश्यक होती, ती झाली. १९ डिसेंबर २०२४ ला लंडनच्या ओ-टू सभागृहात बयाऐंशी वर्षांच्या मॅकार्टनीने ती रंगमंचावर वाजवली.

शोनबाखच्या कारागिरांचे काय झाले? मोठे कारखाने म्हणून फ्रामुस १९७० च्या दशकात बुडाली. फ्रेड विल्फरच्या मुलाने, हान्स-पीटरने, १९८२ मध्ये वॉरविक नावाची नवी कंपनी काढली. ती बनवते बेस गिटारी. दोन्ही जर्मनी एक झाल्यावर १९९५ साली त्याने कारखाना हलवला तो सॅक्सनीतील मार्कनॉयकिर्शेन या जुन्या वाद्यनगरीत. तिथून सीमा ओलांडली की थोड्याच अंतरावर लुबी आहे, आणि मागे राहिलेल्या कारागिरांनी तिथेही गिटारी बनवणे चालूच ठेवले होते.